ताईंचे वापरलेले जोड

माझ्या नणंदेला सगळे ताईच म्हणतात. मी म्हणते, माझा नवरा म्हणतो, कपडे दुरुस्तीला टाकायला येणाऱ्या बायका म्हणतात आणि खुद्द त्यांची आईसुद्धा ताईच म्हणते. पाठचा भाऊ, म्हणजे माझा नवरा, जन्मला त्या दिवशी त्या ज्या थोरल्या झाल्या त्या झाल्याच. लाडातही ताई, रागातही ताई. त्यांना कधी कुणी लहान असू दिलंय असं मला तरी वाटत नाही.

घराची शेवटची खोली त्यांची. खिडकी आहे, पण ती उघडून हात बाहेर काढला की शेजारच्या इमारतीची भिंत लागते. खिडकीखाली शिलाई मशीन. ताई नवे कपडे शिवत नाहीत, दुरुस्ती करतात. पँटची चेन बदलायची, बाही आखूड करायची, कुणी सुटलं असेल तर शिवण उसवून अंगात सैल करून द्यायचं. बारीक झालेलं गिऱ्हाईक अजून तरी आमच्या दारात आलेलं नाही. मशीन, खाट आणि कपाट सोडलं तर उरलेली खोली जमिनीपासून छतापर्यंत खोक्यांनी भरलेली. प्रत्येक खोक्यात बुटांचा एक जोड.

बूट म्हटलं की ताईंच्या कपाळाला आठी पडते. स्नीकर्स म्हणायचं. आणि तेही नवे नाहीत, वापरलेले. कोरा करकरीत जोड फुकट दिला तरी ताई त्याला हात लावणार नाहीत. माझ्या नवऱ्याच्या मते त्याची बहीण लोकांचा घाम विकत आणते. लग्न होऊन आले तेव्हा मलाही किळस आली होती. मी नाकाला पदर लावून त्या खोलीत गेले आणि बघते तर एकूणएक जोड धुतलेला, आत कागद भरून आकारात बसवलेला, नाड्या इस्त्री केलेल्या. माझ्या लग्नातले कपडे कपाटात एवढे व्यवस्थित नव्हते.

जोड कसा घ्यायचा याचीही ताईंची रीत आहे. बसडेपोच्या मागच्या मैदानात रविवारी सकाळी वापरलेल्या बुटांचा बाजार भरतो. विकणारे ताडपत्री अंथरतात आणि नाडीला नाडी बांधलेल्या जोडांचा ढीग ओततात. बाकीची माणसं बूट वरून बघतात, रंग बघतात, नाव बघतात. ताई आधी उलटा करून तळ बघतात. मग पुढून वाकवतात, जिभेच्या आतलं लेबल अंगठ्याने चाचपतात आणि शेवटी बुटात नाक घालतात. घामाचा वास चालतो. ताज्या डिंकाचा वास आला तर समजायचं, कुणीतरी निघालेला तळ चिकटवून गिऱ्हाइकाला टोपी घालतोय, असा जोड परत ढिगात. तिथे जमणारे इतर शौकीनही असेच. एकमेकांच्या तोंडाकडे ते बघत नाहीत, आधी पायांकडे बघतात आणि मग ओळख देतात.

जोड स्वतःच्या मापाचा नसेल तर कितीही देखणा असो, ताई घेत नाहीत. का, असं मी विचारलं होतं. म्हणाल्या, मापाचा नसला तर तो दुसऱ्याचाच राहतो. आणि तळ झिजलेला हवा, ही दुसरी अट. घरी आणल्यावर त्या मशीनचा दिवा जवळ ओढून तळाकडे बघत बसतात आणि मला सांगतात, ही बाई सायकल चालवायची बघ, मधोमध पॅडलचा घट्टा आहे. हा माणूस चढावर राहत असणार, चवडे गेलेत. ही कुणाची तरी वाट बघत उभी राहायची, डाव्या पायावर भार टाकून. नात्यातल्या माणसांची खुशाली सांगावी तसं सांगतात. सुरुवातीला मला हसू यायचं. पुढे पुढे वाईट वाटायला लागलं, कारण एवढ्या लोकांची चाल ओळखणारी ही बाई स्वतः मात्र स्वयंपाकघर, मोरी, आईची खोली आणि मशीन एवढ्यातच फिरत होती.

याचं कारण माझ्या सासूबाई. त्यांची दृष्टी गेली आहे. बाकी तब्येत ठणठणीत. दात शाबूत, आवाज खणखणीत, आणि कान तर असे की मी मोरीत पुटपुटले तरी यांना बाहेरच्या खोलीत शब्दन् शब्द कळतो. त्यांनी ताईंना आजवर एकदाही जाऊ नकोस म्हटलेलं नाही. उलट म्हणतात, जा की, मी कुठे अडवलंय? आणि ताई दारापर्यंत पोचल्या की यांना चक्कर येते. ताईंच्या लग्नाची बोलणी दोनदा झाली आणि दोन्ही वेळा सासूबाई दवाखान्यात. तयार कपड्यांच्या कारखान्यात ताईंना चांगलं काम मिळत होतं, तेव्हा तर रुग्णवाहिका बोलवावी लागली. डॉक्टरांना काही सापडत नाही. पण नाटक म्हणावं तर अंगाला खरोखर घाम फुटलेला असतो, ओठ पांढरे पडलेले असतात. मग ताई पिशवी खाली ठेवतात आणि आत जातात.

माझ्या नवऱ्याला यात काही वावगं दिसत नाही. कशाचाही विषय काढा, त्याचं उत्तर तयार असतं, ताई आहे ना. उगाच साळसूदपणाचा आव कशाला आणू, ताई आहेत म्हणून माझंही बरं चाललं होतं. सासूबाईंची आंघोळ, औषधं, दिवसभराच्या हाका, सगळं त्यांच्याकडे. मी बँकेत नोकरी करू शकते ती त्यांच्या जिवावर.

एकदा ताई नवीन आणलेला जोड घालून बघत होत्या आणि तसंच उठून आईला औषध द्यायला गेल्या. स्नीकर्सचा आवाज होत नाही. सासूबाईंना आपल्या शेजारी कुणीतरी उभं असल्याचं एकदम जाणवलं आणि त्यांनी अशी किंकाळी फोडली की शेजारचे लोक लाटणं घेऊन धावत आले. त्या दिवसापासून नियम झाला. घरात ताईंनी रबरी चपला घालायच्या, टाचेला आपटून फटक फटक वाजतील अशा. सासूबाईंना ताई दिसत नाहीत, पण त्या कुठल्या खोलीत आहेत, बसल्या की उभ्या, कामात आहेत की रिकाम्या, हे बसल्याजागी कळतं. चपलांचा आवाज जरा वेळ बंद झाला की हाक आलीच. मीही त्याच घरात हिंडते-फिरते, पण माझ्या पावलांची दखल कुणी घेत नाही. मला वाटतं ते सुखच होतं.

मग रविवारचा बाजार कसा जमायचा? तर सासूबाई मोठ्याने रेडिओ लावून बसायच्या तेवढ्या वेळात ताई सटकायच्या. जीव मुठीत धरून जायच्या आणि धापा टाकत यायच्या, कधी नुसत्याच हात हलवत. एका रविवारी त्या अशाच गेल्या असताना मी वाळत घातलेले कपडे काढायला निघाले, माझ्या चपला सापडेनात म्हणून ताईंच्या रबरी चपला पायात अडकवल्या. दोन पावलं टाकली असतील नसतील तोच आतून आवाज आला, ताई, पाणी दे गं. मी पाणी नेऊन दिलं. तोंडातून शब्द काढला नाही. सासूबाई प्यायल्या आणि पेला परत दिला.

ताई आल्यावर मी सगळं सांगितलं. आम्ही दोघी मशीनपाशी तोंड दाबून हसलो, इतकं की ताईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. पुढचे सगळे रविवार मग हेच ठरलं. ताई अनवाणी फाटकापर्यंत जायच्या, स्नीकर्स हातात, बाहेर पायरीवर बसून नाड्या बांधायच्या. मी त्यांच्या चपला घालून घरभर फटक फटक करत फिरायची. माप मोठं असल्यामुळे मला बोटं आवळून चालावं लागायचं. पण ताई आता सावकाश येऊ लागल्या होत्या. चेहऱ्यावर ऊन लागलेलं असायचं.

याच दिवसांत त्यांच्या लाडक्या जोडाचं वाटोळं झालं. पांढरा, हिरव्या पट्ट्यांचा, पळायचा जोड. सगळ्या वापरलेल्या जोडांमध्ये तो एकच जवळजवळ कोरा होता, नियम मोडून घेतलेला. जीव जडला होता म्हणून ताईंनी तो प्लास्टिकमध्ये गुंडाळून, वर चिकटपट्ट्या लावून सगळ्यात वरच्या खोक्यात ठेवला होता. वर्षानुवर्षं. उघडून बघितला तर तळ हाताला येईना, त्याचा भुगा झाला होता, डब्यात राहिलेल्या बिस्किटासारखा. ताई खोकं मांडीवर घेऊन बसून राहिल्या. मी म्हटलं, कुणी दुरुस्त करतं का बघा तरी.

असं करणारा माणूस बाजारापासून जवळच होता. खेळाच्या बुटांना नवे तळ लावून द्यायचा. बोलतो शिकवणीत बोलल्यासारखं, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणतात. त्याने तो भुगा बघितला आणि हसला. म्हणाला, शौकिनांची ही नेहमीची चूक आहे. गुंडाळून ठेवला की दमट हवा आतच कोंडते आणि तळ सडतो. घालून चालला असतात तर अजून टिकला असता. ताईंनी हे मला घरी येऊन सांगितलं.

मास्तरला तळ लावता येतात, पण वरचं कापड शिवण्यात त्याचा हात बसलेला नाही. ताईंनी एकदा त्याच्या दुकानात बसून एक फाटलेली बाजू शिवून दिली. टाका कुठून गेला ते शोधून सापडेना. मग दर रविवारी त्या तिथे तासभर बसायला लागल्या. माझ्या मनात पाल चुकचुकली होती, खोटं कशाला बोलू. एकदा सासूबाईंचा रेडिओ मोठ्याने चालू होता तेवढ्यात मुद्दाम जाऊन बघून आले. गल्ल्यावर मास्तरची बायको बसलेली, ताईंना हसवत होती. ताई एवढ्या मोठ्याने हसतात हे मला माहीत नव्हतं.

आणि मग ते बोलावणं आलं. मास्तर दुकान हलवणार होता, दुसऱ्या गावी, मोठी जागा घेऊन. शिवणकामाला त्याला ताई हव्या होत्या, पगारावर, कायमच्या. राहायला मास्तरच्या सासूच्या घरात वरची खोली होती. तिला चारही बाजूंनी उजेड आहे असं त्याच्या बायकोने सांगितलं होतं. हे सगळं फोनवर चालायचं. ताई मागच्या खोलीत तोंडापुढे हात धरून हळू आवाजात बोलायच्या.

ताईंनी विचार केला आणि नाही म्हणायचं ठरवलं. जा म्हणायला माझी जीभ रेटेना आणि जाऊ नका म्हणायला तोंड नव्हतं. रविवारी दुपारच्या आत मास्तरचा टेम्पो मशीनं घेऊन निघणार होता. ताई म्हणाल्या, माणसाने एवढं बोलावलं, फोनवर नाही कळवणं बरं दिसत नाही, तोंडावर सांगून येते. करडा, चवडे झिजलेला जोड त्यांनी हातात घेतला आणि त्या अनवाणी फाटकाकडे गेल्या. मी चपला पायात घातल्या. माझा नवरा गाडी धुऊन आणायला गेला होता. घरात मी आणि सासूबाई.

मी नेहमीसारखी ओट्यापर्यंत जाऊन परत येत होते तेव्हा हाक आली.

"ताई, इकडे ये. बस."

मी जाऊन खाटेच्या कडेला बसले.

"बोलू नकोस. नुसतं ऐक," सासूबाई म्हणाल्या. त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या, हात स्वतःच्या मांडीवर. "तो बूटवाला तुला बोलावतोय. माझे डोळे गेलेत, कान नाही. तुला जायचंय तेही मला कळतंय. पण तू मला विचारू नकोस. विचारलंस तर मी जा म्हणेन आणि आजारी पडेन. मुद्दाम नाही पडत मी. तुम्हाला वाटतं तसं नाही. तू दाराकडे गेलीस की माझ्या पोटात खड्डा पडतो आणि पुढचं माझ्या हातात राहत नाही. मी तुला कोंडून ठेवलंय. मला सोडता येत नाही. म्हणून तू न विचारता जा. सांगूही नकोस. मला कळेल तेव्हा मी ओरडेन, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल. तेव्हा तू घरात असता कामा नये."

त्या म्हणाल्या, ऊठ आता, कामाला लाग. मी उठले आणि फटक फटक करत मागच्या दारापर्यंत गेले.

फोन हातात होता. नंबर लावायला मला वेळ लागला. हा निरोप माझ्यापाशी होता आणि मी तो गिळला असता तर कुणाला कळणार होतं? ताई तासाभरात परत आल्या असत्या, चपला मागितल्या असत्या, आणि सोमवारी मी डबा घेऊन बँकेत गेले असते. दिला तर ती आंघोळ, ती औषधं, त्या दिवसभराच्या हाका सगळ्या माझ्या गळ्यात. नोकरीवर पाणी. आणि नवरा म्हणणार, तू आहेस ना. मला सासूबाईंचा भयंकर राग आला. ज्याचा निरोप त्याला द्यायचा सोडून हे माझ्या पदरात कशाला टाकलं? मग आठवलं की त्यांना बिचारीला मी कोण ते माहीतच नाही. मी नंबर लावला.

ताईंनी फोन उचलला. मागे काहीतरी जड ओढल्याचा आवाज येत होता.

"सांगितलंत का त्यांना?" मी विचारलं.

"अजून नाही. मशीन चढवतायत. झालं की सांगते आणि निघते."

मग मी सासूबाईंचं बोलणं सांगितलं, एकही शब्द इकडचा तिकडे न करता.

"असं म्हणाली? तुला?"

"तुम्हाला म्हणाल्या. मी फक्त तुमच्या चपलांत होते."

ताई रडत होत्या बहुतेक. मग म्हणाल्या, "आणि तुझं काय गं?"

बरं आहे माझं, बघेन मी, असं काहीतरी चांगल्या बाईसारखं म्हणायला हवं होतं. माझ्याच्याने म्हणवलं नाही.

"मला राग येणार आहे, ताई. रोज येणार आहे. फोन करून तुम्हाला बोलणार पण आहे. तुम्ही तिकडून ऐकून घ्या. पण आता परत येऊ नका. कपडे, खोकी, सगळं मी पाठवते. टेम्पोत बसा."

"अगं, माझ्या अंगावर घरातलाच ड्रेस आहे."

"पायात काय आहे?"

"करडा जोड."

"मग बसा."

फोन ठेवला आणि मी तिथेच मागच्या पायरीवर उभी राहिले. मग आतून सासूबाई बोलल्या, मोठ्याने नाही, पण मला ऐकू येईल एवढ्या.

"सांगितलंस का तिला?"

मी आत गेले. त्या तशाच बसल्या होत्या, भिंतीकडे तोंड करून. आता मला दिसलं की एरवी कुणीही पाणी दिलं तरी आधी त्याचा हात चाचपणाऱ्या या बाईने त्या पहिल्या रविवारीही माझा हात चाचपला नव्हता आणि मघाशीही हात पुढे केला नव्हता. मी विचारलं, तुम्हाला कधीपासून माहीत आहे? त्या म्हणाल्या, पहिल्याच दिवसापासून, ती पाय उचलते, तू घासतेस. मग बोलला का नाहीत, एवढे रविवार मी खुळ्यासारखी घरभर फिरतेय. त्यावर म्हणाल्या, बोलले असते तर ती बाहेर कशी पडली असती?

"मग आज तरी तिलाच सांगायचं ना, आई."

"तिचा हात हातात आला असता तर माझ्या तोंडून शब्द निघाला नसता."

त्यांनी दोन्ही हातांनी खाटेची कड धरली होती, बोटं पांढरी पडली होती. ओठही पांढरे झालेले. कपाळावर घाम. मी पाणी आणायला वळले तशी त्यांनी विचारलं, टेम्पो निघाला का? मी म्हटलं, बसतायत.

"मग थांबू नकोस. चालत राहा. टेम्पो गाव सोडून लांब जाईपर्यंत मला तिच्या चपला ऐकू दे, नाहीतर मी आत्ताच तिला हाक मारेन."

मी चालायला लागले. ओट्यापर्यंत गेले, वळले, बाहेरच्या खोलीत आले, परत वळले. चपला फटक फटक वाजत होत्या. ताईंच्या खोलीच्या दारापर्यंत गेले, सगळी खोकी जागच्या जागी होती, मशीनमध्ये कुणाची तरी अर्धी शिवलेली बाही अडकलेली होती. माझे डोळे भरून आले आणि पाय आपोआप भराभर पडायला लागले.

"हळू," सासूबाई म्हणाल्या. "ती एवढी भरभर नाही चालत."

मी बोटं आवळली आणि पाय उचलून हळू चालायला लागले.